अनुभव लिहा: वयात आलेलं कुत्रं आणि आपलं वनबीएचके

धागाकर्ती, गोरेगाव

आमचा टिल्लू. नाव ठेवलं तेव्हा ओंजळीत मावायचा, आता ९ महिन्यांचा, २७ किलोंचा लॅब्रॅडॉर आहे. पाच महिन्यांचा होता तेव्हा 'बस' म्हटलं की बसायचा, हाक मारली की कान उडवत यायचा. पाहुण्यांसमोर आम्ही त्याचे खेळ लावायचो. गेल्या दोन महिन्यांत पाटी कोरी. हाक मारली की वळून बघतो, म्हणजे ऐकू येतंय, आणि मग शांतपणे दुसरीकडे चालू पडतो.

बुधवारी कळस झाला. बिल्डिंगखाली कोळीण मावशी पाटी उतरवत होत्या. यानं असा हिसडा दिला की लीश माझ्या हातातून निसटली, आणि मी पोचेपर्यंत मांदेलीचा एक वाटा पोटात, दुसऱ्यात नाक. मावशी ओरडल्यासुद्धा नाहीत. "दोन वाट्यांचे दे. दुसरा उष्टा केलाय त्यानं," एवढंच म्हणाल्या. दिले.

सकाळ-संध्याकाळ पाऊण पाऊण तास फिरवतो, रविवारी अक्सा बीचच्या वाळूत पळवतो. तरी रात्री दहाला सोफा ते बाथरूम, बाथरूम ते सोफा अशी गाडी सुटते. खालच्या काकूंचे तीन फोन येऊन गेले. उपदेश नको, तुमच्याकडे काय घडलं ते लिहा.

बीगलचा बाप, पवई

आधी एक दिलासा. २०२० साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. आठेक महिन्यांची कुत्री 'बस' ही आज्ञा आपल्या माणसाची कमी ऐकतात, परक्याची मात्र ऐकतात. वर्षभराची झाली की बरीचशी ताळ्यावर येतात. आमच्याकडे दहावीतली मुलगी आहे, तिला हे वाचून दाखवलं नाही.

हाकेचं वाटोळं आम्हीच केलं होतं. बागेत हाक मारायची, आला की लीश अडकवून घरी. आंघोळ असली की हाक, कानात औषध घालायचं असलं की हाक. का येईल तो? शेवटी जुना शब्द टाकूनच दिला. नवा घेतला 'घेघे', आणि तो फक्त उकडलेल्या चिकनच्या तुकड्यासोबत. १० मीटरची दोरी बांधायची, आला की तुकडा द्यायचा आणि परत हुंदडायला सोडायचं. तीन महिने खिशाला चिकनचा वास होता. आता दहातून आठदा येतो. उरलेल्या दोनदा समोर मांजर असतं.

रात्रपाळीवाला

ताई, टिल्लूला व्यायाम कमी पडत नाहीये, झोप कमी पडतेय. माझा हा धडा महागात शिकलेला आहे. सगळे सांगायचे 'दमव त्याला', म्हणून कामावरून आल्या आल्या तासभर पळवायचो. दमला नाही, दम वाढला. एक तासाचे दीड झाले, माझं वजन घटलं, त्याचा दंगा तसाच.

मग डॉक्टरांनी विचारलं, झोपतो किती? चार दिवस मोजलं. पोरांची शाळा, कुकर, बेल, टीव्ही, पुन्हा बेल. दिवसभरात जेमतेम दोन तास डोळा लागायचा. या वयात चोवीस तासांत पंधरा-सोळा तास तरी झोप हवी. पेंगुळलेलं मूल जसं किरकिर करतं, तसं हे पळतं. दुपारी १ ते ४ आतल्या खोलीत पडदा ओढून, पंखा लावून त्याच्या शेजारी मीच आडवा व्हायला लागलो. आठवड्याभरात रात्रीचं भूत उतरलं. आणि अक्साच्या वाळूतली ती शर्यत थांबवा. लॅबची हाडं अजून वाढतायत, सांधे आयुष्यभर पुरवायचेत.

गिरगावची आजी

आमची खोली दहा बाय बारा, त्यात काळ्या. रस्त्यावरचं पिल्लू, चाळीनंच वाढवलं. आठव्या महिन्यात त्यानं माझी एक चप्पल, जावयाचा बूट आणि पंचांगाची सगळी एकादशी खाल्ली.

मी काय केलं सांगते. त्याची थाळीच बंद केली. जुनी गोधडी घ्यायची, चुरगळून घड्या घालायच्या आणि भाकरीचे तुकडे त्यात लपवायचे. पहिल्यांदा त्यानं गोधडीच ओढत गॅलरीत नेली. मग जमलं. नाक एका घडीत खुपसतो, फुस्स करतो, पंजानं दुसरी घडी उलटतो, एक कोपरा राहिला असेल तर परत मागे येतो. वीस मिनिटं घरात नुसता हुंगण्याचा आवाज. मग एक मोठा सुस्कारा सोडून माझ्या पायाशी मुटकुळं. तासभर फिरवून जेवढा निवांत होत नाही तेवढा यानं होतो. फिरायला नेलं तरी ओढत नेऊ नका, प्रत्येक खांब वाचू द्या. त्याचा पेपर आहे तो.

जुना भिडू

आमच्या वेळी पेपरची एक गुंडाळी पुरायची. एवढे लाड नव्हते.

दादरकर

काका, राग मानू नका, आम्ही गुंडाळीच्या पुढचं केलं आणि पस्तावलो. एक ट्रेनर यायचे, त्यांनी आतून टोकं असलेला पट्टा घालायला लावला. ओढणं पंधरा दिवसांत थांबलं, आम्ही खूश. महिन्याभरानं रॉकी वॉचमनवर गुरगुरला, का तर त्याच्या हातात काठी होती. मग टपरीवाल्यावर. मान दुखते तेव्हा समोर जो दिसतो तो त्याच्या हिशेबात जातो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग छातीचा पट्टा घेतला आणि शून्यापासून सुरुवात. लीश ताणली की आपण खांबासारखं उभं राहायचं, सैल झाली की चालायचं. पहिल्या दिवशी शिवाजी पार्कला वीस मिनिटांत एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत गेलो. कट्ट्यावरचे एक आजोबा म्हणाले, "गाडी बंद पडली का?"

लिफ्टवाली, मुलुंड

आमच्या सोसायटीनं 'कुत्र्यांना लिफ्ट बंद' अशी नोटीस लावली होती. भांडले नाही. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक छापून दिलं. बहुमतानं ठराव केला तरी कुत्रा पाळायला किंवा लिफ्टला बंदी घालता येत नाही, असं त्यात स्वच्छ आहे. सोबत महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा कागद. नोटीस उतरली. पण खरं सांगू, शेजारी वळले ते कागदानं नाही. राणीला लिफ्टच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून बसायला शिकवलं. अंगावर उड्या थांबल्या तशा तक्रारीही.

पावसाळी

एक राहिलंच. पाऊस लागला की फिरणं निम्म्यावर येतं आणि दंगा दुप्पट होतो, तेव्हा आजींची गोधडी आत्ताच काढून ठेवा. साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नका, उंदरांमुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा आजार) होतो. त्याची लस कुत्र्याला आधीच द्या, गोचिडांसाठी बोटांच्या आणि कानांच्या बेचक्या रोज बघा.

धागाकर्ती, गोरेगाव

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले. गोधडी चालू आहे (एक फाटली), दुपारची झोप चालू आहे, अक्सा बंद. खालच्या काकूंचा या आठवड्यात एकच फोन, तोही चकल्यांची भाजणी आहे का विचारायला.

काल परत बुधवार. मावशी दिसल्या तशी मी लांबच थांबले, लीश हाताला दोन वेढे, 'बस' म्हणत होते. चार वेळा म्हटलं, पाच वेळा म्हटलं. हा आपला पाटीकडे बघत उभा, लाळ फुटपाथवर. मावशींनी कोयत्यावरून मान वर केली, ओला हात झटकला आणि म्हणाल्या, "बस रे मेल्या."

बसला.