मदत हवी आहे: ग्रँड कॅन्यन, १४ दिवस, सोबत राफ्ट नाही

मंडळी, कोलोरॅडो नदीच्या परमिट सोडतीत आमच्या मित्राचा नंबर लागलाय. मार्चमध्ये लीज फेरीला पाण्यात उतरायचं, डायमंड क्रीकला बाहेर पडायचं. एकूण २२६ मैल. आम्ही चौघं, चार कयाक (एकेकट्याने वल्हवायच्या बंदिस्त होड्या). खाणं, तंबू, सगळं कयाकच्या पोटात. विष्ठासुद्धा डब्यात भरून परत आणायची, तिथला नियमच आहे. लघवी मात्र नदीतच करायची! (घरी हे सांगितलं आणि पस्तावलो.)

माझी खरी अडचण रोलची, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करण्याची. रिकाम्या कयाकमध्ये दहातून नऊ वेळा जमतो. परवा वीस किलो भरून पाहिलं, तर बोट उलटीच राहिली. दोनदा स्प्रेस्कर्ट (कमरेभोवतीचं, पाणी आत येऊ न देणारं आवरण) ओढून पोहत बाहेर. वजन सीटमागे जास्त झालं म्हणून असेल का? पुढे सरकवावं तर पाय अडकायची भीती. तुम्ही कसं भरता?

दुसरं, पाणी. ग्लेन कॅन्यन धरणाच्या पोटातून येतं, तेव्हा मार्चमध्ये बर्फासारखं गार. मला ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) हवाच वाटतो, दोघं म्हणतात उन्हात उकडशील. पण लाव्हा फॉल्स हा मोठा खळाळ १७९व्या मैलावर. तोवर हात गळालेले असणार. तिथे पोहायची वेळ आली तर वेटसूट (भिजूनही ऊब देणारा पोशाख) पुरेल?

८८व्या मैलाजवळ फँटम रँच ही दरीच्या तळाची मुक्कामाची जागा, तिथून पायवाटेने वर चढता येतं. तोवर रोल बसला नाही तर मी तिथूनच निघावं का? भरलेली कयाक घेऊन गेलेल्यांनी स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.