बर्फाच्या मशीनसाठी कोणता फिल्टर घ्यावा? पाणी कधी नळाचे, कधी टँकरचे

नमस्कार मंडळी,

छत्रपती संभाजीनगरमध्ये माझे रस आणि सरबतांचे दुकान आहे. बाहेरून येणारा लादीचा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी दिवसाला १५० किलो बर्फ देणारे क्यूबचे मशीन घेतले. गिऱ्हाइकाच्या पोटात जाणारा बर्फ आपल्या डोळ्यांसमोर तयार व्हावा, एवढ्यासाठीच तो खर्च केला होता.

मार्चमध्ये नेहमी येणाऱ्या एका काकांनी लिंबू सरबताचा रिकामा ग्लास उजेडात धरला आणि "अहो, ग्लास धुतला नव्हता का?" असे विचारले. तळाशी पांढरे बारीक कण बसले होते. ग्लास स्वच्छच होता, कण बर्फातून आले होते. रात्री मशीन उघडले तेव्हा पाण्याच्या ट्रेला आणि बर्फ जमतो त्या प्लेटच्या कडांना चुन्यासारखा थर धरलेला दिसला. नखाने खरवडला तरी तो निघेना. क्यूब सुटायला वेळ का लागतो, याचाही तेव्हाच उलगडा झाला. फिल्टरचे हाउसिंग, म्हणजे बाहेरचे भांडे, खोलले तर आतली कॅन्डल चहाच्या रंगाची आणि हाताला बुळबुळीत लागत होती. देखभाल करणाऱ्याने वर्षातून एकदा बदलली तरी चालते असे सांगितले होते आणि मी त्यावर विसंबून राहिलो, याचे वाईट वाटते.

सध्या १० इंची दोन हाउसिंग आहेत: पहिल्यात ५ मायक्रॉनची गाळ अडवणारी कॅन्डल, दुसऱ्यात कार्बन ब्लॉक. खरी अडचण पाण्याची आहे. जायकवाडीचे नळाचे पाणी रोज येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्याच हौदात बोअरच्या पाण्याचा टँकर रिकामा करावा लागतो. माझ्या मीटरवर नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) २८० आणि टँकरच्या पाण्याचा ९४० येतो. टँकरच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे थर धरवणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, प्रयोगशाळेने लिटरला ४६० मिलिग्रॅम दिला आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. म्हणजे पाणी पिण्याला चालेल, पण मशीनला ते सोसत नाही.

तिघा जाणकारांनी तीन सल्ले दिले. एक जण म्हणतो, फॉस्फेट घातलेले कार्बन कार्ट्रिज लावा. माझ्या समजुतीप्रमाणे फॉस्फेट क्षार काढत नाही, फक्त त्यांना धातूवर घट्ट चिकटू देत नाही; मग ४६० कठीणपणाला ते कितपत पुरे पडेल? दुसरा सॉफ्टनर सुचवतो, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येतो आणि टीडीएस होता तेवढाच राहतो. तिसऱ्याचा आग्रह आरओचा, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार वेगळे करणाऱ्या यंत्राचा आहे. क्षारांवर सर्वांत खात्रीचा उपाय तोच, हे मला पटते. मात्र आमच्या मशीनमध्ये पाण्याची पातळी धातूच्या कांडीने ओळखली जाते आणि पाण्यात क्षार फारच कमी झाले, तर त्यातून वीज पुरेशी वाहत नाही, त्यामुळे ट्रे भरल्याचे मशीनला कळत नाही. शिवाय आरओला साठवण टाकी आणि पंप लागतो, आणि आरओतून वाया जाणारे, विकत घेतलेल्या टँकरचे पाणी गटारात सोडताना जीव तुटतो. थोडे साधे पाणी मिसळून टीडीएस १०० च्या आसपास ठेवणारी जोडणी कोणी केली आहे का?

कार्बनबद्दलही शंका आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तो शोषतो, वास जातो, हे चांगले. पण क्लोरीन गेल्यावर ट्रेमध्ये आणि बर्फाच्या पेटीत बुळबुळ लवकर धरते. टँकरच्या पाण्यासाठी हौदात मी क्लोरीनचे द्रावण घालतो. अशा वेळी अर्ध्या मायक्रॉनचा कार्बन ब्लॉक घ्यावा की ५ मायक्रॉनचाच ठेवावा? बारीक ब्लॉक लवकर तुंबून पाण्याचा दाब पडला, तर ट्रे पुरेसा भरणार नाही आणि क्यूब पोकळ पडतील, ही भीती वाटते.

क्षमतेचा हिशेब असा: प्लेटवरून निथळून जाणारे पाणी धरून मशीन दिवसाला सुमारे २५० लिटर घेते, म्हणजे सहा महिन्यांत ४५,००० लिटर. मला दाखवलेल्या एका कार्ट्रिजवर ३४,००० लिटर लिहिले आहे, म्हणजे ते साडेचार महिनेच टिकेल, आणि गढूळ पाण्यात त्याहूनही कमी. २० इंची जाड हाउसिंग बसवले तर हा प्रश्न सुटेल का?

तूर्त निकेलच्या प्लेटला चालणाऱ्या द्रावणाने मशीन स्वच्छ केले आहे आणि दोन्ही कॅन्डल नव्या घातल्या आहेत. असे मिश्र पाणी वापरून ज्यांचे मशीन दोन-तीन उन्हाळे नीट चालले आहे, त्यांनी कोणत्या क्रमाने काय बसवले, फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबाचे मीटर लावले का आणि किती दिवसांनी बदल केला, हे कृपया आकड्यांसह सांगावे.