कराटे, ज्युदो, लाठी शिकलात. वेळ आली तेव्हा काय उपयोगी पडलं?

लेकीला कराटेला घालायचं चाललंय. सोसायटीच्या हॉलमधल्या वर्गात पट्टे भराभर मिळतात, फोटोही छान निघतात. आजेसासूबाई म्हणतात, त्यापेक्षा लाठीकाठी शिकव. प्रात्यक्षिकातलं कौतुक नको, खऱ्या प्रसंगात नेमकं काय वापरलंत ते सांगा. काहीच वापरता आलं नसेल तर तेही लिहा.

ज्युदो, सध्या म्युनिक
कॉलेजात ज्युदो केलं, पण कुणावर डाव टाकायची वेळ कधी आली नाही. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात ट्रामच्या थांब्याजवळ बर्फावरून पाय सटकला आणि मी सरळ मागे गेले. हनुवटी आपोआप छातीकडे आली, पाठ गोल झाली, दोन्ही हात कोपरापासून तळव्यापर्यंत बाजूला जमिनीवर आपटले. डोकं वाचलं. एरवी माणूस हात मागे टेकवतो आणि मनगट मोडून घेतो. ह्या पडण्याला उकेमी म्हणतात. आमचे सर सुरुवातीला तेवढंच करून घ्यायचे आणि आम्ही जाम वैतागायचो. नेदरलँड्समध्ये ज्येष्ठांसाठी नीट पडायचे वर्ग असतात. आपल्याकडे मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडणारे काय कमी आहेत?

परिचारिका, ठाणे
रात्रपाळीला एका पेशंटच्या नातेवाइकाने माझं मनगट धरलं. प्यायलेला होता. अशा वेळी हात मागे ओढावासा वाटतो, पण ताकदीत आपण हरतो. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे पकड कच्ची असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर त्याच्या दिशेने पुढे न्यायचं आणि अंगाच्या झटक्यासकट हात बाहेर काढायचा. सुटला. लगेच दोन पावलं मागे, तळवे पुढे आणि "हात सोडा! लांब व्हा!" असं वॉर्ड जागा होईल एवढ्या मोठ्याने ओरडले. हात सुटला होता तरी "सोडा" ओरडले, कारण सरावात तेच घोटलेलं. सिक्युरिटीवाला धावत आला. जोडीदार खरंच घट्ट धरणारा हवा, लाजत धरणाऱ्याबरोबर हे जमत नाही.

तायक्वांदो, नागपूर
सिग्नलवर गाडीला गाडी घासली, समोरच्याने डिकीतून रॉड काढला. मी स्कूटर वळवली आणि निघालो. मागे बसलेला मित्र अजून चिडवतो. डोक्यापर्यंत जाणारी किक गादीवर ठीक. जीन्स, चप्पल आणि डांबरी रस्ता असताना नाही.

कराटे, पुणे
माझा अनुभव ठाण्याच्या परिचारिकेच्या उलटा. ब्राऊन बेल्ट होता आणि गर्दीच्या बसमध्ये मागून नको तिथे हात लागला तेव्हा मी बधिर झाले. तोंडातून शब्द फुटला नाही. काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींचे क्रम, अगदी चोख यायचे, पण कुणी अंगाला खेटून घाण बोलतंय असा सराव आम्हाला कधीच दिला नव्हता. आता जिथे जाते तिथे शिकवणारी बाई मुद्दाम अंगावर येते, अर्वाच्य बोलते आणि आम्ही ओरडून उत्तर द्यायचं असतं. ठोसा मारण्यापेक्षा ओरडणं अवघड गेलं, खरं सांगते. घालायच्या आधी वर्गात नुसतं बसून बघा.

मर्दानी खेळ, कोल्हापूर
आजेसासूबाईंना माझा नमस्कार सांगा! 2024 मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, तेव्हापासून आमच्या तालमीतही चौकशा वाढल्यात. लाठी खांद्यावर टाकून कोण बाजारात जातंय, पण अंतराचा अंदाज अंगात मुरतो. समोरचा किती जवळ आला की आपल्याला लागेल, हे डोळ्यांना कळतं. गल्लीत कुत्री मागं लागली तवा पळालो नाही. छत्रीचं टोक पुढं, पाठ भिंतीकडं, तसाच सरकत घरापर्यंत आलो. उन्हाळ्यात छत्री कशाला म्हणून बायको हसायची, आता हसत नाही.

वकील, छत्रपती संभाजीनगर
एक कायद्याचं. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या 96 ते 106 मध्ये होता. बचावापुरताच बळाचा वापर, ही त्याची मर्यादा. हल्लेखोर खाली पडला, पळायला लागला, की पुढची लाथ बचावात धरली जाणं कठीण. हे वर्गात कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं. सुटल्यावर 112 ला फोन करा आणि ओरखडा असला तरी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. प्रकरण कोर्टात गेलं तर पट्ट्याच्या रंगापेक्षा तो कागद कामाला येतो.