मदत हवी आहे: दुय्यम विषय आर्ट हिस्टरी, "विश्लेषण नाही" म्हणजे काय?

शाईडाग
तातडीने मदत हवी आहे. दुय्यम विषय म्हणून आर्ट हिस्टरी घेतली. १२० चित्रांची यादी चित्रकार, साल, संग्रहालय सगळ्यासकट पाठ केली, तरी दोन्ही चाचण्यांत काठावर. शेरा दोन्हीकडे एकच: "वर्णन आहे, विश्लेषण नाही." मग लिहायचं तरी काय? तीन आठवडे उरलेत आणि मूळ विषय तसाच पडलाय. कृपया "आवडीने वाचा" सांगू नका. आवड होती म्हणूनच घेतला.

पायवाट
चाचणीत यादीतलीच चित्रं येतात की न पाहिलेली? कुठला काळ, कुठला प्रदेश? आणि मूळ विषय कोणता?

जुना_फळा
कलेचा इतिहासकार वोल्फलिन वाचा, बाकी काही नको. त्याने १९१५ मध्ये पाच जोड्या मांडल्या. रेषेवर उभं चित्र की रंगछटांवर, सपाट थर की आत जाणारी खोली, बंदिस्त रचना की मोकळी, सुटे भाग की एकसंध, सगळं स्वच्छ की काही झाकलेलं. चित्र समोर आलं की पाचही प्रश्न विचारायचे. मी याच जोरावर उत्तम गुणांनी पास झालो.

मेणबत्ती
जुना_फळा, या जोड्या १६व्या आणि १७व्या शतकातल्या युरोपीय कलेतला फरक दाखवायला केलेल्या आहेत. १४३४ चं व्हॅन आइकचं "आर्नोल्फिनी दांपत्य" हे चित्र घ्या. दिवसाउजेडी झुंबरात एकच मेणबत्ती, पायाशी कुत्रा, मागे बहिर्गोल आरसा, आरशाच्या वर भिंतीवर लिहिलेलं "यान व्हॅन आइक येथे होता". यांचा अर्थ लावल्याशिवाय कसलं विश्लेषण? शाईडाग, प्रतीकं शिका. चित्र कुणी, कशासाठी काढून घेतलं ते शोधा.

जुना_फळा
त्याच चित्रावर कलेचा अभ्यासक पॅनोफ्स्की याने १९३४ मध्ये लिहिलं की हा विवाहाचा चित्ररूप दस्तऐवज आहे. पुढच्या अभ्यासकांनी ते मत खोडून काढलं. प्रतीकांच्या मागे लागलं की असं होतं. डोळ्यांना दिसतं ते दिसतंच.

मेणबत्ती
मतभेद झाले म्हणून प्रश्नच विचारायचा नाही?

करवंद
आर्ट हिस्टरीवर पुढे नोकरीही मिळते. संग्रहालयं, लिलावगृहं, जतन विभाग. घाबरू नका.

शाईडाग
करवंद, नोकरीचं विचारलं नव्हतं. पायवाट, चित्रं न पाहिलेली असतात. दोन शेजारी शेजारी, नाव नाही, साल नाही, "तुलना करा" एवढंच. युरोप, १३०० ते १७००. मूळ विषयाचा इथे काय संबंध?

पायवाट
न पाहिलेली असतील तर पाठांतर उपयोगाला येणारच नाही, हे आधी सांगायला हवं होतं. मूळ विषय अजूनही सांगितला नाहीत.

गेरू
अजिंठ्याची उदाहरणं द्या, परीक्षक खूश होतील. फ्रेस्कोचा त्याहून सुंदर नमुना नाही.

मेणबत्ती
अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावर आहेत, खरा फ्रेस्को ओल्या चुन्यावर होतो. आणि पेपर युरोपचा आहे.

गेरू
शाळेपासून फ्रेस्कोच वाचत आलोय.

शाईडाग
विषयावर या ना कुणीतरी. मूळ विषय रसायनशास्त्र. झालं समाधान?

पायवाट
झालं! हे पहिल्या ओळीत असतं तर निम्मा धागा वाचला असता. तुमच्या हातात आहे ते वर्गात फार थोड्यांकडे असेल.

"कड धूसर आहे" हे वर्णन. ती धूसर करणं कशामुळे शक्य झालं आणि बघणाऱ्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे विश्लेषण. अंड्याच्या बलकातला रंग, म्हणजे टेम्परा, पाणी उडालं की मिनिटांत बसतो. ओल्यात ओला मिसळायला वेळच मिळत नाही, म्हणून छटा बारीक रेघांनी बांधावी लागते. जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. चित्रकाराला कड पुसायला, पातळ थरावर थर चढवायला सवड मिळते. जुना_फळांची "रेषा की रंगछटा" ही जोडी इथे पदार्थाला येऊन भिडते.

फ्रेस्कोचंही तसंच. ओला चुना कार्बन डायऑक्साइड घेऊन रंग पकडतो, त्यामुळे एका दिवसात पुरेल एवढाच गिलावा लावायचा. इटलीतल्या पाडुआच्या चॅपेलमध्ये, १३०५ च्या सुमारास, जोत्तोने ओल्या गिलाव्यावर काम केलं, पण मारियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, झग्याचा निळा कोरड्यावर चढवला. बाकी रंग टिकले, तो निळा जागोजागी झडला.

मेणबत्ती
हे पटलं. फक्त मारियेला महागडा निळाच का, याचं उत्तर रसायनात नाही. ते माझ्या बाजूला येतं.

पायवाट
मान्य. तोच दुसरा परिच्छेद.

शाईडाग
कालच्या चाचणीतल्या जोडीवर लिहून बघितलं: "डावीकडे गालावरची सावली समांतर रेघांनी बांधली आहे, म्हणून चेहरा कोरीव आणि लांबचा वाटतो. उजवीकडे सावली कुठे सुरू होते ते सापडत नाही, नजर तिथे रेंगाळते. पहिलं टेम्परा, दुसरं तेल असावं." बरोबर?

जुना_फळा
पहिल्यांदाच डोळ्यांनी लिहिलंत. आता दोघांच्या मागची जागा बघा. खोली आहे की सपाट?

शाईडाग
डावीकडे सोन्याचा वर्ख आहे.

मेणबत्ती
मग तेच सगळ्यात आधी लिहायला हवं होतं! सोनं का, कुठे टांगलं जाणार होतं ते चित्र? आणि चेहरा कुणाचा आहे, ते अजून सांगितलं नाहीत.