‘गुळगुळीत छेद’ म्हणावे का?

विचारणा

डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान पदविकेच्या) विद्यार्थ्यांसाठी पॅराफिन सेक्शनची, म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतीचे सूक्ष्मदर्शकासाठी पातळ छेद काढण्याची, कृती मराठीत लिहायची आहे. चांगल्या सेक्शनला ‘गुळगुळीत छेद’ म्हणावे का? शिवाय काप, छेद, सेक्शन यांतला कोणता शब्द कुठे वापरावा?

उत्तर १

‘काप’ ग्रॉसिंगच्या (आलेला अवयव तपासून त्याचे तुकडे करण्याच्या) टेबलावरचा शब्द. फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) मुरलेल्या अवयवाचे सुरीने केलेले ३-४ मिलिमीटरचे तुकडे म्हणजे काप. तेच कॅसेटमध्ये (जाळीच्या छोट्या डबीत) जातात. मायक्रोटोमवर (पातळ छेद कापायच्या यंत्रावर) ३ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निघतो तो ‘छेद’. बोलताना सगळे ‘सेक्शन काढणे’च म्हणतात, तेही ठेवा.

‘गुळगुळीत’ मात्र छेदाला लावू नका, ब्लॉकच्या (काप बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्याच्या) तोंडाला लावा. १५-२० मायक्रॉनवर ब्लॉक तासून ऊतीचा पूर्ण पृष्ठभाग उघडा पडला, की काही फेरे ४-५ मायक्रॉनवर फिरवायचे. जाड तासणीत ऊतीचे बारीक कण उपटले जातात आणि खड्डे राहतात. हे फेरे गाळले, तर पहिल्या छेदांत भोके दिसतात. मग ब्लॉक बर्फावर तोंड खाली करून काही मिनिटे ठेवायचा. मेण कडक होते आणि ऊती थोडे पाणी पिऊन मऊ होते, त्यामुळे दोन्ही एकाच दमात कापली जातात.

छेदाकडून आपल्याला तीन वेगळ्या गोष्टी हव्या असतात: तो सपाट हवा, सारख्या जाडीचा हवा आणि सलग हवा. प्रत्येकीच्या बिघाडाचे कारण वेगळे आहे. एकाच ‘गुळगुळीत’मध्ये तिन्ही कोंबल्या, तर विद्यार्थ्याला दोष कुठे शोधायचा ते कळणार नाही.

सपाट नसेल, तर सुरकुती. पाते बोथट किंवा ब्लॉक ऊबदार असला, की छेद कापायच्या दिशेने दबून ब्लॉकपेक्षा आखूड होतो. पाते सरकवून नवी धार घ्या, ब्लॉक पुन्हा थंड करा.

जाडी सारखी नसेल, म्हणजे एक छेद जाड, एक पातळ, तर ब्लॉकची किंवा पात्याची पकड सैल आहे, किंवा पात्याचा कल (पात्याची पाठ आणि ब्लॉकचे तोंड यांतला कोन) कमी पडून ब्लॉक पात्याच्या पाठीवर दाबला जातो आहे.

सलग नसेल, तर भेग, भोक किंवा ओरखडा.

उत्तर २

वरच्या उत्तराशी सहमत, पण ‘उभी रेघ’, ‘आडवी रेघ’ असे नुसते लिहू नका. कशाच्या संदर्भात उभी, ते सांगावे लागते. पात्याच्या धारेला काटकोनात जाणारी रेघ तो ‘ओरखडा’: धारेला खाच आहे, नाहीतर ऊतीत कॅल्शियमचा खडा. पाते सरकवले आणि रेघ त्याच जागी राहिली, तर दोष ब्लॉकमध्ये. धारेला समांतर जाड-पातळ पट्ट्या पडतात त्यांना ‘थरथरीचे पट्टे’ म्हणावे. कारणे: सैल स्क्रू, जास्त कल, मायक्रोटोमचे चाक जोरात फिरवणे, किंवा अल्कोहोलमध्ये जास्त वेळ राहून कोरडी पडलेली ऊती. यकृत आणि प्लीहा यांत हे फार दिसते.

रिबनला, म्हणजे एकमेकांना चिकटून निघणाऱ्या छेदांच्या माळेला, ‘पट्टी’ चालेल. ती वाकडी येत असेल, तर ब्लॉकच्या वरच्या-खालच्या कडा एकमेकींना आणि धारेला समांतर नाहीत.

उत्तर ३

‘सुरकुती’ आणि ‘घडी’ यांतही फरक ठेवा. सुरकुती कोमट पाण्यात उलगडते. घडीत छेद स्वतःवरच दुमडतो; रंगवल्यावर तिथे दुप्पट गडद रेघ दिसते आणि ती काढता येत नाही.

वॉटर बाथचे (छेद तरंगवून पसरवायच्या कोमट पाण्याच्या भांड्याचे) तापमान मेणाच्या वितळबिंदूपेक्षा ५ ते १० अंश कमी हवे. ५६-५८ अंशांच्या मेणाला ४८ ते ५० सेल्सिअस. त्यापेक्षा गरम पाण्यात छेद जास्त ताणला जाऊन पेशींमध्ये फटी पडतात. हट्टी सुरकुत्यांसाठी पट्टी आधी २० टक्के अल्कोहोलवर सोडून मग पाण्यावर घ्यावी: पृष्ठताणातल्या फरकामुळे ती आपोआप पसरते.

पुस्तिकेत ‘निथळवणे’ ही पायरी वेगळी लिहा. स्लाइड उभी ठेवून पाणी पूर्ण निथळू द्यायचे, नंतरच ६० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा ते एक तास. छेदाखाली पाणी अडकले, तर रंगवताना तो सुटून येतो.