चर्चा धागा: पाण्याच्या डेटात करिअर करायचंय, तर आधी नदीपात्र की आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा)?

काठावरचा

जलसंपत्तीच्या संशोधनात किंवा डेटा व्यवस्थापनात शिरू पाहणाऱ्याला हल्ली ठरलेला सल्ला मिळतो: पायथन शिका, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिका, एखादं मॉडेल चालवून दाखवा. माझं मत उलटं आहे. पहिले सहा महिने मोजमापात घालवा, संगणक कुठे पळून जात नाही.

कारण साधं आहे. नदीचा रोजचा विसर्ग (दर सेकंदाला वाहून जाणारं पाणी) बहुतेक ठिकाणी कुणी मोजतच नाही, मोजतात ती पातळी. विसर्ग निघतो पातळी-विसर्ग वक्रावरून (रेटिंग कर्व्ह), म्हणजे किती पातळीला किती विसर्ग हे सांगणाऱ्या आलेखावरून. त्या वक्रावरचा एकेक ठिपका कसा मिळतो? पात्राच्या रुंदीत २० ते ३० उभ्या रेषा घ्यायच्या. प्रत्येक रेषेवर खोली आणि वेग मोजायचा. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर एकदा, खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ वर दोनदा मोजून सरासरी. प्रत्येक बिंदूवर वेगमापक ४० सेकंद तरी फिरू द्यायचा. कुठल्याही एका भागातून एकूण विसर्गाच्या ५ टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये असं बघायचं, अगदीच नाइलाज असेल तर १० टक्के. नवखे लोक रेषा समान अंतरावर घेतात. मग मुख्य धारेतल्या तीनचार भागांतूनच निम्मं पाणी निघून जातं आणि काठाच्या संथ पाण्यात उगाच दहा रेषा खर्ची पडतात.

हे एकदा केलं की डेटाबेसमधल्या 'विसर्ग' नावाच्या रकान्याकडे बघायची नजर बदलते. घातांक १.६७ चा वक्र घ्या, म्हणजे शून्य विसर्गाच्या पातळीच्या वर पाणी जितकं, त्याच्या १.६७ व्या घाताच्या प्रमाणात विसर्ग. गाळ साचून तळ ५ सेंमी वर आला. जुन्या वक्रातल्या शून्य विसर्गाच्या पातळीपेक्षा पाणी अर्धा मीटर वर असताना जुना वक्र सुमारे १९ टक्के जास्त विसर्ग दाखवतो. तेच पाणी ३ मीटर वर असताना चूक ३ टक्केसुद्धा होत नाही. म्हणजे उन्हाळ्यातल्या पाण्याचा हिशेब साफ चुकलेला, आणि पुराचे आकडे बघून सगळे खूश.

रांगरकाना

वक्राबद्दल सहमत, सल्ल्याबद्दल अजिबात नाही.

अहो, नदीत उतरायची संधी किती जणांना मिळते? आणि मिळाली तरी नवख्याला नोकरी मिळते ती साठलेल्या फायली निस्तरायला. तिथे काय असतं ते सांगतो. एका केंद्राची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ), शेजारच्याची स्थानिक. कुठे क्युमेक, कुठे क्युसेक (क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट; १ क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक, आणि फायलीत एकक लिहिलेलंच नाही). सकाळी मोजलेला २४ तासांचा पाऊस एकाने त्याच तारखेला टाकलाय, दुसऱ्याने आदल्या. नोंद नसलेल्या दिवशी कुणी -९९९९ लिहितं. ते परवडलं, सरासरी वेडीवाकडी आली की लगेच कळतं. कुणी ९९.९ लिहितं, आणि ९९.९ मिमी पाऊस खरोखर पडू शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे ०. 'मोजलं नाही' आणि 'पडला नाही' यांतला फरक तिथे कायमचा बुडतो.

स्प्रेडशीटचा तर वेगळाच जाच. दिवस-महिना क्रमाची फाईल महिना-दिवस मानणाऱ्या संगणकावर उघडली, की प्रत्येक महिन्याच्या १२ तारखेपर्यंतचे दिवस गुपचूप उलटतात आणि १३ पासूनचे नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. आलेखात महिन्याच्या सुरुवातीला विचित्र टोकं दिसली, तर आधी हे तपासा.

म्हणून माझा क्रम: एसक्यूएल, मग पायथन किंवा आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा, मग तपासणीचे नियम. तक्त्यात केंद्र, घटक, वेळ, मूल्य, एकक, उपकरण, गुणवत्तेची खूण आणि नोंद कधी भरली ती वेळ, एवढे रकाने हवेतच. मूळ आकड्याला हात लावायचा नाही, दुरुस्ती वेगळ्या आवृत्तीत. आणि वक्र हीसुद्धा साठवायची गोष्ट आहे, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत लागू' अशा नोंदीसह. वक्र सुधारला की विसर्ग पुन्हा काढता आला पाहिजे.

पाणकणीस

रांगरकाना, शेवटचा परिच्छेद भिंतीवर लावण्यासारखा. पण 'तपासणीचे नियम' हे दोन शब्द तुम्ही फारच पटकन लिहून टाकलेत. ते नियम बनवणार कोण?

दाबावरून पातळी मोजणारा सेन्सर घ्या. बंद प्रकारचा असेल तर पाण्याबरोबर हवेचा दाबही मोजतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १ सेंमी पाणी. वादळी हवेत दाब १० हेक्टोपास्कलने उतरला आणि वायुदाबमापकाची वजावट केली नसेल, तर विहिरीतलं पाणी १० सेंमी उतरल्यासारखं दिसतं. नळीवाटे हवेशी जोडलेला सेन्सर असेल तर ओल शोषणारे दाणे वेळेवर बदलावे लागतात. नळीत पाण्याचे थेंब अडकले की पातळी हळूहळू सरकत जाते, आणि ती सरकण कुठल्याही कमाल-किमान मर्यादेत निमूट बसते.

टिपिंग बकेट पर्जन्यमापकाचंही तसंच. २० सेंमी व्यासाच्या नरसाळ्याला ०.२ मिमी पाऊस म्हणजे ६.२८ मिलि पाणी, तेवढं साचलं की बादली कलंडते. मुसळधार पावसात ती कलंडत असतानाचं पाणी मोजणीतून सुटतं, म्हणून आकडा कमी येतो. नरसाळ्यात पाला अडकला तर पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास संथ टपटप नोंदवली जाते. एकूण पाऊस जवळपास बरोबर आणि तीव्रता पार चुकीची! मासिक बेरीज ताडून बघणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही. तासातासाचा आलेख शेजारच्या केंद्राशी लावला तर लगेच दिसतं.

काठावरचा

नेमकं हेच. आणि उलटी बाजूही बघा. 'एका नोंदीपासून दुसरीपर्यंत अर्ध्या मीटरहून जास्त बदल म्हणजे चूक' असा नियम कुणीतरी ऑफिसात बसून लावतो. लहान पाणलोटात पाऊण तासात पाणी दोन मीटर चढू शकतं. मग फिल्टर नेमकं पुराचं टोक कापतो, आणि त्या कापलेल्या मालिकेवरून पुढे पुलाची उंची ठरते.

रांगरकाना

कापतो तो फिल्टर वाईट. मी खूण करायला सांगतोय, पुसायला नाही. 'संशयित' अशी खूण पडली की माणूस बघेल.

काठावरचा

ज्याने पूर चढताना पाहिला नाही तो माणूस काय बघणार?

अनिश्चित

तुम्ही दोघंही तंत्रज्ञाची नोकरी डोळ्यासमोर ठेवून बोलताय. संशोधनात जायचं असेल तर दोन्हीच्या आधी संख्याशास्त्र.

आजकाल पाणीपातळीचं भाकीत मशीन लर्निंगने करणारे नवखे दिवसांची सरमिसळ करून ८० टक्के प्रशिक्षणाला आणि २० टक्के चाचणीला ठेवतात. आजची पातळी कालच्यासारखीच असते, त्यामुळे चाचणीतल्या प्रत्येक दिवसाचा शेजारी मॉडेलने आधीच पाहिलेला असतो. निकाल झकास, उपयोग शून्य. तोडायचं तर सलग वर्षं तोडा, किंवा आख्खं केंद्र बाजूला ठेवा.

नॅश-सटक्लिफ गुणांकाचंही (मॉडेल नुसत्या सरासरीपेक्षा किती बरं ते सांगणारा, १ म्हणजे अचूक; १९७० पासून चालत आलेला) तेच. तो चुकांचा वर्ग घेतो, म्हणून मोठ्या पुरांवर सगळा भर. ०.८ आला म्हणून उन्हाळी प्रवाह बरोबर आला असं नाही. जिथे ऋतूंचा फरक मोठा, तिथे वर्षाच्या सरासरीला हरवणं सोपंच असतं. तुलना करायची तर त्या-त्या महिन्याच्या सरासरीशी करा.

आणि उपग्रह म्हटलं की लोक भुलतात. ग्रेस उपग्रहांची जोडी (२००२ ते २०१७, पुढची जोडी २०१८ पासून) पाण्याच्या साठ्यातला बदल दाखवते, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात. त्यावरून एका गावच्या भूजलावर प्रबंध लिहायला निघालेल्याला वेळीच थांबवणं हे पुण्यकर्म आहे.

नवशिकी

पदवी संख्याशास्त्राची, सिव्हिल किंवा भूगर्भशास्त्राची नाही. नदीमापन केंद्रात ओळख नाही. अशा माणसाने हातात दाखवण्यासारखं काम कोणतं तयार करावं?

पाणकणीस

मॉडेल नको, ते सगळ्यांकडे असतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष विसर्गमापनांच्या नोंदी मोफत मिळतात, पातळी आणि विसर्ग दोन्ही. वाळूच्या तळाची नदी निवडा, खडकाळ तळावर काही घडत नाही. पातळीतून शून्य विसर्गाची पातळी वजा करून दोन्ही लॉग मापावर काढा आणि ठिपक्यांना वर्षानुसार रंग द्या. ठिपके एका रेषेऐवजी दोनतीन समांतर पट्ट्यांत पडले, किंवा खालच्या टोकाला फाकले, तर वक्र सरकलाय. तो कोणत्या पुरानंतर सरकला ते मालिकेत शोधा. मग वेगळे वक्र बसवा, जुन्या वक्राने किती टक्के चूक झाली असती ते काढा आणि सगळ्यात मोठ्या मोजलेल्या विसर्गाच्या पलीकडचा भाग तुटक रेषेने दाखवा. कोड आणि दोन पानांचं टिपण सोबत ठेवा.

काठावरचा

यात भर. सरकल्याची तारीख एकाही पुराशी जुळली नाही तर मोजपट्टीचा शून्य हलला का ते बघा. पट्टी वाहून गेली आणि नवी बसवताना बेंचमार्कवरून (पक्क्या उंचीच्या खुणेवरून) लेव्हल घेतली नाही, तर सगळ्या पातळ्या एका दिवसात तेवढ्याच अंतराने सरकतात. हे आकड्यांत दिसतं, पण कारण केंद्राच्या नोंदवहीतच सापडतं. त्यासाठी तिथे जावं लागतं.

रांगरकाना

नोंदवहीची पानं स्कॅन करून त्या-त्या तारखेला डेटाबेसमध्ये जोडलेली असतील तर नाही जावं लागत. ती जोडलेली नसतात, हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.