त्रेसष्टाव्या वर्षी मोटार शिकण्याविषयी

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगलीची, वय ६३, माध्यमिक शाळेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झालेली शिक्षिका. यजमानांना काचबिंदू झाल्यापासून त्यांचे गाडी चालवणे बंद झाले आहे आणि आमची मोटार दारात नुसती उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून शेजारचा मुलगा अधूनमधून येऊन ती सुरू करून जातो. माझी थोरली बहीण मिरजेला असते. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, पण परतीची रिक्षा मिळेल की नाही या काळजीने मी तिच्याकडचा चहा होताच उठते.

मला कोणाचीही मनाई नाही, हे आधीच स्पष्ट करते. यजमान म्हणतात, शीक. पुण्याचा मुलगा म्हणतो, ड्रायव्हर ठेव. पण शिकू नकोस असे तोही म्हणत नाही. अडून बसले आहे ती मीच. तिशीत मुले लहान होती, चाळिशीत दहावीचे वर्ग होते, आणि पन्नाशी उलटल्यावर ‘आता या वयात कुठे’ हे उत्तर इतके अंगवळणी पडले की कोणी विचारण्याआधीच मी ते देऊन मोकळी होते. या वयात नव्याने मोटार शिकणे कायद्याने आणि शरीराने शक्य आहे का, आणि आपली भीती रास्त आहे की नुसती सवयीची, हे ओळखायचे कसे?

प्रतिसाद : कलम_आणि_नियम

कायद्यापुरते सांगतो. हलक्या मोटारीच्या परवान्यासाठी किमान वय १८ आहे. कमाल वय कायद्यात दिलेले नाही. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, जोडावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्यांना परवाना पाच वर्षांसाठी मिळतो आणि त्यानंतर नूतनीकरण करून घ्यावे लागते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळून तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तुम्ही ज्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालात, तो आकडा सेवानियमांतला होता. मोटार वाहन कायद्याला तो ठाऊक नाही.

प्रतिसाद : नेत्रवैद्य

वर उल्लेखलेल्या नमुना १-अ मध्ये एक साधा प्रश्न असतो : अर्जदाराला चांगल्या उजेडात, चष्म्यासह किंवा चष्म्याविना, २५ मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? ही परीक्षा तुम्ही आजच रस्त्यावर उभे राहून स्वतः घेऊ शकता. तेवढ्यावर मात्र थांबू नका. काचबिंदूत बाजूचे दिसणे आधी कमी होते आणि समोरचे बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे नंबरप्लेट वाचता आली म्हणजे डोळे निर्दोष आहेत असे होत नाही. डोळ्यांचा दाब आणि बाजूची दृष्टी तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर त्याचा निकाल आधी लावा.

साठीनंतर अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंगही थोडे धूसर होत जाते, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपले की पुन्हा नीट दिसायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून निदान सुरुवातीला दिवसाउजेडीच चालवावे, असे मी सांगेन. मान दोन्ही बाजूंना पुरेशी वळते का, सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी सुस्ती येते का, मधुमेहाच्या औषधांनी साखर एकदम उतरते का, हेही तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला यातच दिसते. ‘रात्री समोरचे दिवे सहन होत नाहीत’ ही भीती तपासता येते आणि तिच्यावर काही ना काही करता येते. ‘आता या वयात कुठे’ यात तपासण्यासारखे मला काहीच सापडत नाही.

प्रतिसाद : मध्य_रेल्वे

मी ६६ वर्षांची आहे आणि थोडा वेगळा सूर लावते. हल्ली साठी उलटलेल्या बाईने नवीन काही केले नाही, तर तिने हाय खाल्ली असे धरून चालतात, आणि हा एक नवाच जाच झाला आहे. जपानच्या तामाए वातानाबे यांनी २०१२ मध्ये ७३ व्या वर्षी एव्हरेस्ट सर केले, असे निरोप आम्हाला भल्या सकाळी येतात. पण त्या ६३ व्या वर्षीही एव्हरेस्टवर जाऊन आल्या होत्या आणि त्याआधीपासून मुरलेल्या गिर्यारोहक होत्या, हे त्या निरोपात नसते. ज्या बाईचा उभा जन्म चुलीपुढे किंवा फायलींपुढे गेला, तिला हे उदाहरण काय कामाचे?

ताई, तुम्हाला मोटार चालवायची आहे, की मिरजेला जायचे आहे? मिरजेलाच जायचे असेल, तर गरजेपुरता ड्रायव्हर मिळतो, आणि मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धे तिकीट आहे. मला स्वतःला शिकायचे नव्हते म्हणून मी शिकले नाही. त्यात वयाचा संबंध नव्हता आणि खंतही नाही. तुमचे तसे असेल, तर उगाच स्वतःला दोषी ठरवू नका.

प्रतिसाद : पंचगंगा

मध्य_रेल्वे यांचा प्रश्न बिनतोड आहे, पण ज्यांना बहिणीकडचा चहा होताच उठावे लागते, त्यांना नुसते पोहोचण्यापेक्षा काहीतरी अधिक हवे आहे, असे मला वाटते. एव्हरेस्टचे उदाहरण मलाही पटत नाही. त्यापेक्षा उत्तर प्रदेशातील जोहडीच्या चंद्रो तोमर जवळच्या वाटतात : नातीला नेमबाजी शिकायची होती म्हणून तिच्याबरोबर गेल्या आणि साठी उलटलेली असताना स्वतःच बंदूक हाती धरली. त्या अगदी कोऱ्या पाटीने गेल्या होत्या.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून जाणाऱ्या त्या आज्यांचे फोटो आपण कौतुकाने पाहतो. पण त्यांना शाळेपासून गरिबीने आणि रूढीने दूर ठेवले होते. आपण नोकऱ्या केल्या, स्वतःच्या पगारातून गाडीचे हप्ते फेडले, आणि त्या गाडीत आयुष्यभर डावीकडे बसून समोरच्या खणातली कागदपत्रे सांभाळली. आपण जेव्हा वयाचे कारण पुढे करतो, तेव्हा खरे सांगायचे तर मला थोडा रागच येतो.

मी कोल्हापूरला सत्तावन्नाव्या वर्षी शिकले. क्लच, गिअर हे हळूहळू जमते. अवघड गेले ते चारचौघांत चुकणे. आपणही शिक्षिका आहात, म्हणून मुद्दाम लिहिते. चौकात सिग्नल हिरवा होतो, गाडी गचका खाऊन बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात, घाईने किल्ली फिरवावी तर क्लचवरचा पाय पुन्हा सुटतो, आणि शेजारी बसलेला पंचविशीतला मुलगा शांतपणे म्हणतो, “काकू, आधी न्यूट्रल.” जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, तिला हे ऐकून घेणे जड जाते. माझ्या बाबतीत तरी, वय वय म्हणून मी जे पुढे करत होते, त्यातला मोठा भाग या संकोचाचा होता. शिकवणाऱ्याची पारख मात्र करा. जो ओरडतो, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. पैसे बुडाले तरी चालतील.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मध्य_रेल्वे यांच्या प्रश्नावर विचार केला : मला चालवायचीच आहे, मिरज हे निमित्त. संकोचाविषयी पंचगंगा यांनी लिहिलेले वाचून यजमान मोठ्याने हसले, त्यावरून ते खरे असावे. डोळ्यांच्या तपासणीची वेळ घेतली आहे आणि रात्री चालवायचे नाही, हे मान्य केले आहे. आता एकच शंका. आमची गाडी गिअरची आहे. शिकण्यासाठी ऑटोमॅटिक गाडी शोधावी का?

प्रतिसाद : हाफ_क्लच

मी साताऱ्यात मोटार शिकवतो. परवान्यात गिअरची मोटार आणि ऑटोमॅटिक मोटार असे वेगळे वर्ग नाहीत, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. पण घरची गाडी गिअरची असेल आणि ती बदलायची नसेल, तर गिअरवरच शिका, नाहीतर परवाना मिळूनही गाडी दारातच राहील. गुडघा दुखत असेल आणि दर वेळी क्लच दाबणे सोसत नसेल, तरच ऑटोमॅटिकचा खर्च करा.

पहिले धडे घरच्या गाडीवर नकोत आणि यजमानांकडून तर मुळीच नकोत. शिकवणीच्या गाडीत आमच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. नवऱ्याच्या पायाशी काही नसते, म्हणून तो ओरडतो. वयस्क शिकणाऱ्यांच्या दोन सवयी मला नेहमी दिसतात : सीट फार पुढे ओढून स्टिअरिंगला बिलगून बसणे, आणि बॉनेटच्या टोकाकडे बघत राहणे. सीट एवढीच पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील, आणि नजर लांब रस्त्यावर ठेवा; गाडी आपोआप सरळ जाऊ लागते. साडी नेसणार असाल, तर निऱ्या पेडलपासून दूर राहतील अशा थोड्या वर घ्या आणि मागे पट्टा असलेली सपाट चप्पल घाला, कारण सुटी चप्पल ब्रेकखाली अडकते. सकाळी साडेसहाची वेळ मागून घ्या. त्या वेळी हिवाळा सोडला तर उजेड असतो, रस्ते मोकळे असतात आणि बघणारेही थोडेच असतात. आमच्याकडे ती वेळ कॉलेजची मुले कधीच घेत नाहीत, त्यामुळे बहुधा रिकामी असते.